सात पानांची फांदी

दसऱ्याची आपट्याची पानं देवापुढे अजून सुकत असतात आणि मला छाटणी आठवते. गुलाबांची. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, आणि मधल्या त्या दिवसांत जे ऊन पडतं ना, ओल्या जमिनीला उकडून काढणारं, ते सुरू झालं की घरात माझं मन लागत नाही. आता मी कल्याणला लेकीकडे असते, चौथ्या मजल्यावर. ग्रिलमध्ये चार कुंड्या आहेत. तीन तुळस-बिळस, एक गुलाब. नाव नसलेला गुलाबी गुलाब, नर्सरीवाल्याने नुसता 'घ्या आजी, गुलाब' म्हणून दिलेला. त्याची छाटणी करायला कितीसा वेळ लागणार? कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आटोपतं. मग उरलेल्या ऑक्टोबरचं मी करायचं काय, सांगा.

त्या उन्हाला एक वास असतो. कुजलेल्या पानांचा, तापलेल्या भिंतीचा, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर मासळीचा. हसू नका. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. पण गुलाब म्हटलं की मला आधी मासळी आठवते, मग गुलाब. ते कसं, ते सांगते.

डोंबिवली पूर्वेला आमची जागा होती, तळमजल्यावर. दोन मजली इमारत, आणि मागच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीचा एक पट्टा. लांबीला बरा, रुंदीला एवढाच की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. त्या पट्ट्यात माझ्या सासऱ्यांचे गुलाब. अप्पा म्हणायचो आम्ही त्यांना. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. अप्पा रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन मागे गेले, ते जेवायलाच आत आले, असं हे सांगायचे. हे म्हणजे माझे यजमान, अप्पांचा एकुलता एक मुलगा.

ऐंशीच्या दशकातलं डोंबिवली ते. इमारती भराभर उठत होत्या, पण दोन इमारतींच्या मधे एखादं भातखाचर चुकून राहिल्यासारखं असायचंच. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांकडून कसलासा आंबूस वास यायचा आणि अप्पा पानांकडे असे बघायचे, जसं आपण शाळेतून आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघतो.

गुलाबांची नावं सगळी इंग्रजी. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेली, तारेने बुंध्याला अडकवलेली. सुपर स्टार. पीस. लँडोरा. आइसबर्ग. डबल डिलाइट. ग्लॅडिएटर. मला इंग्रजी जेमतेम, मी ती अक्षरं त्या पट्ट्यांवरूनच जुळवायला शिकले. माझ्या तोंडात ग्लॅडिएटरचा 'गाडीवाला' झाला तो झालाच. "अप्पा, गाडीवाल्याला कळी आलीय." अप्पांनी आधी सुधारून बघितलं, मग सोडून दिलं, मग तेच म्हणायला लागले, गाडीवाल्यावर मावा पडलाय, औषध मारायला हवं.

रंग काय सांगू! लँडोराचा पिवळा म्हणजे साजूक तूप थिजायला लागतं तेव्हाचा. पीसला कडेने गुलाबी हात फिरवलेला, कुणीतरी रंगवता रंगवता उठून गेल्यासारखा. आणि ह्या सगळ्यांत अप्पांचा जीव होता तो ब्लॅक लेडीवर. इतका गडद लाल की सावलीत काळाच दिसायचा. पाकळीला बोट लावलं तर मखमल. अख्ख्या इमारतीला तिची खबर. वरच्या मजल्यावरच्या वर्तकवहिनी गॅलरीतून ओरडायच्या, "काय अप्पा, आज तुमची काळी बाई काय म्हणतेय?"

अप्पा मान वर न करता म्हणायचे, "नाक मुरडतेय. कुणीतरी वरून साबणाचं पाणी ओतलंय."

वर्तकवहिनी आत पळायच्या.

थंडीत गावात गुलाबांचं प्रदर्शन भरायचं. शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, बाटल्यांत एकेक फूल. अप्पा आदल्या दिवसापासून कुणाशी बोलायचे नाहीत. कळी वेळेआधी उमलू नये म्हणून तिला लोकरीचा मऊ धागा बांधून ठेवायचे, आणि परीक्षक दारातून आत आले की हलकेच सोडायचे. काळी बाई बहुतेक वर्षी पहिली. मग घरी येऊन अप्पा अगदी साधेपणाने म्हणायचे, "दिलं त्यांनी काहीतरी." आणि तो बक्षिसाचा पेला मात्र सगळ्यांना दिसेल असा रेडिओवर.

तर मासळी. कोपरच्या खाडीकडून एक कोळीण आमच्या गल्लीत यायची, हिराबाई. पाटीत मासळी, वर केळीचं पान, नाकात मोठी नथ आणि आवाज असा की चार इमारती पलीकडे झोपलेलं मूल उठावं. ती आमच्या दारी विकायला यायची नाही, द्यायला यायची. मासळी धुतलेलं पाणी, डोकी, खवले, सगळं एका डब्यात भरून आणायची अप्पांसाठी. गुलाबाला त्यासारखं खत नाही, म्हणायचे अप्पा. नाकाला रुमाल बांधून बादली घेऊन फाटकाशी उभे राहायचे. श्रावणात वर्तकवहिनींनी एकदा फार कटकट केली, "अहो अप्पा, चातुर्मास चाललाय!"

अप्पा रुमालाआडून म्हणाले, "चातुर्मास माझा आहे वहिनी, गुलाबांचा नाही."

असं ते घर. हसतं होतं म्हणजे. आता लिहिताना मलाच नवल वाटतं की त्या घरात माझा जो ऋतू मनात घट्ट बसलाय, तो हसण्याचा नव्हे.

एका श्रावणात हे गेले. काविळीचं निमित्त. पोटात फिरली म्हणाले. मनू, माझी लेक, तेव्हा बालवाडीतही जायला लागली नव्हती. मी तिशीच्या आतबाहेर.

मला त्यातलं काय आठवतं म्हणाल, तर एक झाकण. घरात माणसं भरलेली, कुणी माझ्या पाठीवर हात फिरवतंय, आणि कुणीतरी दुधाच्या पातेल्यावर कढईचं झाकण ठेवलेलं. ते चारी बाजूंनी बाहेर आलेलं. मी तेवढंच बघत होते. हे झाकण ह्याचं नाही, हे झाकण ह्याचं नाही. कल्याणच्या मावशी म्हणाल्या, "रड गं बाई, रडून मोकळी हो." मलाही वाटलं, रडावं. पण ते करतात कसं तेच आठवेना. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, असतो आपलाच पण कुणीतरी दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा, तशी मी सबंध झालेले. भाजीत मीठ घातलं की नाही कळायचं नाही. घालायचे पुन्हा. अप्पा मुकाट जेवायचे. त्यांनाही कळत नसावं.

फुलं माळायची बंद झाली. ते कुणी सांगावं लागलं नाही, तेव्हा तसंच होतं. वर्तकवहिनी रोज सकाळी वेणीत माळायला एक फूल न्यायला खाली यायच्या, त्या यायच्या थांबल्या. मला वाईट वाटेल म्हणून. वाईट वाटलं असतं तर किती बरं झालं असतं, हे मी त्यांना कसं सांगणार?

आणि अप्पा मागे जाईनात. पूर्वी त्यांची खुर्ची मागच्या दाराशी असायची. ती त्यांनी ओढत पुढच्या दारात आणली आणि रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. मागच्या दाराला कडी. पावसाने ती कडी गंजली. दसरा गेला, कोजागिरी गेली, छाटणीचे दिवस आले आणि चालले, कुणी त्या दाराकडे बघेना. छाटणी चुकली म्हणजे गुलाब काय लगेच मरत नाही. पण उंच उंच काड्या होत जातात, फूल लहान होत जातं, रोग बसतो. विसरत जातो तो आपण काय होतो ते.

हल्ली माझी लेक म्हणते, "आई, तेव्हा कुणीतरी तुझ्याशी बोलायला हवं होतं गं." बोलत होते की! सगळेच बोलत होते. मलाच ऐकू येत नव्हतं.

भाऊबीजेला माझा दादा आला, ठाण्याहून. माजिवड्याला त्याची जागा होती, हायवेपासून आत. दादा काही वाईट माणूस नव्हे. जेवण झाल्यावर सुपारी कातरत त्याने विषय काढला. "सुमे, इथे आता काय ठेवलंय? तू आणि मनू चला आमच्याकडे. मधली खोली देतो तुम्हाला. वहिनीच्या ओळखीने बालवाडीत काम बघून ठेवलंय. पौष लागायच्या आत न्यायला येतो, टेम्पो घेऊन."

अप्पा तिथेच बसलेले. ते म्हणाले, "तुझा भाऊ बरोबर बोलतोय. माझी काळजी नको. मी डबा लावीन."

"अहो अप्पा, तुम्हीही..." दादा उगाच म्हणाला.

"छे छे. ह्या वयात मी कुठे?" अप्पा म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता, "तुझं तू ठरव, सुमन. मी नाही म्हणणार नाही."

अप्पांच्या मागे दुसरं कुणी नव्हतं. मी गेले तर त्या घरात ते आणि ती पुढच्या दारातली खुर्ची, एवढंच राहणार होतं, हे मला कळत होतं. कळत होतं, पण लागत नव्हतं कुठे. मी म्हटलं, बरं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणायचे. दूधवाल्याने दूध कमी देऊ का विचारलं, बरं. मावशी म्हणाल्या तीर्थाला जाऊ, बरं. दादाने ते 'बरं' होकार म्हणून नेलं, त्यात त्याची काही चूक नाही.

त्यानंतर काही दिवसांनी हिराबाई आली. हे गेल्यापासून ती आमच्या फाटकावरून नुसती पुढे जायची, मान हलवून. त्या दिवशी थांबली. पाटी उतरवली, डबा काढला, अप्पांकडे बघितलं. अप्पांनी रस्त्याकडे तोंड केलं. मग ती माझ्याकडे वळली आणि आपल्या त्या आवाजात म्हणाली, "काय गो बाय, झाडांना पन सुतक लागलं काय?"

तिने डबा माझ्यापुढे केला.

"मानसांचं सुतक फिटलं, त्यांचं कदी फिटनार? घे." आणि डबा माझ्या हातात.

आता हातात मासळीच्या पाण्याचा डबा आल्यावर माणूस काय करेल? घरात तर ठेवता येत नाही. वास काय मारत होता! मी दगडाने ठोकून मागची कडी उघडली.

आत नुसतं रान. टाकळा कमरेएवढा. गुलाबांची पानं काळे ठिपके पडून गळलेली, काड्या उघड्या, पत्र्याच्या पट्ट्या गंजून नावं पुसट झालेली. एकच फांदी काय ती जिवंत दिसत होती. काळ्या बाईच्या बुंध्यातून, अगदी मातीलगत फुटलेली. लांबलचक, पोपटी, गुळगुळीत, काटे नसल्यासारखेच, आणि पानांनी भरलेली. त्या सगळ्या पट्ट्यात तेवढी एक गोष्ट जगायला तयार होती. मी डबा तिच्या मुळाशी ओतला आणि आत येऊन हात धुतले.

दुसऱ्या दिवशी मी तिला पाणी घातलं. तिसऱ्या दिवशीही. मला काही वाटत होतं म्हणून नव्हे बरं का. लोक म्हणतात, मातीत हात घातला की मन हलकं होतं. माझं काही झालं नाही. तांब्या भरायचा, ओतायचा, त्यात काही वाटावं लागत नाही म्हणून ते मला जमत होतं. फांदी मात्र वाढत होती. बघता बघता माझ्या खांद्याला लागली आणि एका बाजूला कलली. मग मी कोपऱ्यातली एक काठी रोवली आणि परकराची जुनी नाडी घेऊन तिला बांधायला बसले.

"कशाने बांधतेयस?"

मागे अप्पा. दारात उभे. श्रावणानंतर त्या दारात पहिल्यांदा.

"नाडी आहे, जुनी."

"घट्ट झालंय. गळा आवळेल तिचा. थांब." ते आत गेले, सुतळी घेऊन आले, आणि धोतर सावरत माझ्या शेजारी उकिडवे बसले. "आठचा आकडा करायचा. एक वेढा काठीला, एक फांदीला, आणि मधे जागा सोडायची. वाढतेय ना, मग जागा पाहिजे."

बांधता बांधता त्यांनी एक पान हातात धरलं. उलटं केलं, सुलटं केलं, अंगठा फिरवला त्याच्यावरून. मी बघत होते. मला वाटलं कीड शोधताहेत. मग पान सोडून म्हणाले, "चांगली आहे. घाल पाणी."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन बाहेर आले. उशीर झाला होता छाटणीला, दिवाळी होऊन गेलेली. तरी केली. टाकळा मी उपटला. सिकेटर अप्पांनी माझ्या हातात दिलं, म्हणाले, माझा हात कापतो हल्ली. "इथे नाही, इथे. डोळा शोध आधी. बाहेरच्या बाजूला बघणारा. त्याच्या जरा वर, तिरकं. आतला डोळा ठेवलास तर फांद्या एकमेकींच्या अंगावर येतात." डोळा म्हणजे फांदीवरचा तो बारीक लालसर कोंब, जिथून नवं फुटतं. मी शोधायचे, दाखवायचे, ते मान डोलवायचे, मी कापायचे. कापलेल्या जागी निळं औषध लावायचे. मनू काटक्या गोळा करून ढीग घालायची आणि त्याला घर म्हणायची. दिवसभरात आमच्यात डोळ्यांपलीकडे बोलणं नाही. ह्यांचं नाव नाही. दादाच्या टेम्पोचंही नाही.

काळ्या बाईपाशी आलो तेव्हा त्यांनी तिच्या जुन्या फांद्या तेवढ्या छाटल्या. ती पोपटी फांदी तशीच ठेवली. मला बरं वाटलं, म्हणजे बरंच वाटलं असणार, कारण मी लक्षात ठेवलंय.

मार्गशीर्षात फुलं आली. गाडीवाला आला, लँडोरा आला, आइसबर्गला तर पांढरे झुबकेच्या झुबके. कुणी माळायला नव्हतं, अप्पा देवाला दोन घालायचे, बाकी झाडावरच. फक्त काळी बाई फुलेना. तिच्या जुन्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली खाली येत होत्या. आणि शेजारी माझी फांदी, माणसाच्या वर गेलेली, कळीचा पत्ता नाही. मला वाटायचं, येईल, वेळ घेतेय. प्रदर्शनवाले विचारायला आले तर अप्पा म्हणाले, "ह्या वर्षी नाही." त्यांना वाटलं दुःखामुळे. मलाही तसंच वाटलं.

मग एका शनिवारी ठाण्याहून नाना आले. नाना म्हणजे अप्पांचे गुलाबातले दोस्त, स्वतःला मोठे जाणकार समजणारे, आणि होतेही. थंडीत एकमेकांकडून डोळे नेण्याची त्यांची जुनी रीत होती. चांगल्या गुलाबाला स्वतःच्या मुळावर नीट उभं राहता येत नाही, म्हणून रानगुलाबाची काडी लावायची, तिला खुंट म्हणतात, आणि त्या खुंटाच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा. डोळा भरणं म्हणतात त्याला. खालचं मूळ रानाचं, वरचं फूल आपलं. अप्पांचे सगळे गुलाब असेच डोळा भरलेले. हे मला ऐकून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ काय, ते त्या दिवशी कळलं.

मी पोह्यांच्या बशा घेऊन मागच्या दारात आले, तर नाना कमरेवर हात ठेवून काळ्या बाईपुढे उभे.

"अहो अप्पा! हे काय हे? खुंट फुटलाय तुमचा! सात पानी! लहान पोरसुद्धा सांगेल. पाच पानं गुलाबाची, सात पानं रानाची. आणि तुम्ही काठी लावून बांधलंय त्याला? सगळं अन्न हाच खाऊन बसला. मेली की हो तुमची ब्लॅक लेडी! डोळे गेले का काय तुमचे?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "राहून गेलं बघायचं."

मी बशा खाली ठेवल्या. एक पान तोडून बघितलं. देठाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि टोकाला एक. सात. मी इतके दिवस त्याला पाणी घातलं, आणि कधी मोजलं नव्हतं. पण अप्पांनी ते पान उलटंसुलटं करून अंगठा फिरवला होता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. राहून कसं गेलं असेल?

नानांना मग माझा चेहरा दिसला असावा. ओशाळले. म्हणाले, "असू दे, असू दे. तिची लेक आहे माझ्याकडे, तुमचाच डोळा भरलेला. हा खुंट काय जाडजूड झालाय, ह्याच्यावरच नवा डोळा भरा. काडी पाठवतो ओल्या फडक्यात." आणि पोहे खाऊन गेले.

मी लगेच विचारलं नाही. मला काही विचारायला दोन दोन दिवस लागायचे तेव्हा. सोमवारी सकाळी अप्पा पायरीवर बसून खुरप्याची माती खरवडत होते, तेव्हा म्हटलं, "अप्पा, तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पान बघितलं तेव्हाच."

"मग कापली का नाहीत? मला सांगायचं तरी."

खुरपं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ते खरवडत राहिले. "श्रावणापासून तू आपण होऊन एवढं एकच करत होतीस," ते म्हणाले. "तुला काय सांगू? की चुकीचं जगवतेयस म्हणून?"

पुढे कितीतरी वर्षांनी हे मी वर्तकवहिनींना सांगितलं, तर त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "अगं, सून म्हणजे तरी काय, परक्या खुंटावर भरलेला डोळाच." मला ते पटलं नाही, तेव्हाही आणि आताही. माणूस काही झाड नव्हे. झाडाला कुणी विचारत नाही. मला अप्पांनी विचारलं होतं, तुझं तू ठरव म्हणून, आणि मग स्वतःची काळी बाई डोळ्यांदेखत वाळू दिली, पण माझ्या हातातला तांब्या काढून घेतला नाही. त्या माणसाचा पेला रेडिओवर असायचा हो! ज्याला फुलाचं एवढं कौतुक होतं, त्याने रोज सकाळी ते काळं पडत जाणं बघितलं. त्या दिवशी मला गहिवरून आलं वगैरे मी सांगणार नाही. आलं नाही. गाल अजून दुसऱ्याचाच होता. फक्त दादाने टेम्पोचा रविवार कळवला होता, तो कुठला, हे मी पहिल्यांदा कॅलेंडरवर बघितलं.

तो लगेच पुढचाच रविवार निघाला. अप्पांनी माझी ट्रंक माळ्यावरून स्वतः उतरवून पुसून ठेवली होती. मी तीत साड्या भरल्या, मनूचे फ्रॉक भरले. भरताना जायचंय असंही वाटत नव्हतं आणि राहायचंय असंही नाही. शनिवारी संध्याकाळी नानांनी काडी पाठवली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आणि रविवारी सकाळी अप्पा म्हणाले, "तुझा भाऊ यायच्या आत भरून टाकू. काडी थांबत नाही. मला धरायला कुणीतरी लागेल."

आधीच सांगून टाकते, तो डोळा काही धरला नाही. काळा पडला, आणि पुढच्या थंडीत आम्ही दुसरा भरला. ब्लॅक लेडी पुन्हा आली ती तेव्हा. अप्पा नव्वदचं दशक सरत येईपर्यंत होते. मनूच्या दहावीचे पेढे त्यांनीच वाटले. नंतर इमारत पाडली, पट्ट्यावर आता गाड्या उभ्या राहतात, मी एकदा बघून आले, पुन्हा गेले नाही. हे सगळं नंतरचं. त्या सकाळी ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नुसतं कोवळं ऊन होतं, आणि आम्ही दोघं त्या सात पानी फांदीपाशी बसलेलो.

अप्पांनी तिचा शेंडा छाटला, पानं काढली. चाकूने सालीला आडवा-उभा छेद दिला आणि चाकूच्या टोकाने साल दोन्हीकडे उचलली, खिडकीची दारं उघडावीत तशी. मग नानांच्या काडीवरून डोळा काढला, ढालीच्या आकाराचा इवलासा तुकडा, आणि आत सरकवला. हात थरथरत होता त्यांचा. डोळा दोनदा बाहेर आला. तिसऱ्यांदा बसला तसे म्हणाले, "इथे बोट ठेव. डोळ्यावर नको, डोळ्याच्या वर. दाब." आणि प्लास्टिकची पट्टी खालून गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात पुढून दादाचा आवाज. "सुमे! अगं तयार आहात ना?" तो घरातून सरळ मागे आला, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. "शीळफाट्याला अडकलो अर्धा तास. टेम्पोवाला कटकट करतोय, त्याला दुपारचं दुसरं भाडं आहे. चल, सामान कुठाय?"

अप्पांचे हात थांबले. ते म्हणाले, "सोड, सुमन. जा तू. मी करीन."

पट्टीचा एक वेढा झाला होता. बोट उचललं असतं तर डोळा पुन्हा निसटला असता. एकट्याने त्यांना ते जमणार नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही.

"सुमे?" दादा म्हणाला.

"दादा, टेम्पो परत पाठव."

"म्हणजे? उद्या येऊ?"

"नको. येऊच नकोस न्यायला. भेटायला ये."

"अगं, पण तू तर बरं म्हणालीस."

"म्हणाले खरी," मी म्हटलं.

 दादा पुढच्या दाराकडे गेला. टेम्पोवाल्याचा चढलेला आवाज ऐकू आला, मग दादाचा, समजावणीचा, मग टेम्पो सुरू झाल्याचा.  अप्पांनी पट्टीचा दुसरा वेढा घेतला, तिसरा घेतला, प्रत्येक वेढा माझ्या बोटाच्या जवळ जवळ येत होता. शेवटचा वेढा माझ्या बोटावरूनच गेला, तो त्यांनी ओढून घट्ट केला.

"बोट दुखतंय का?" अप्पांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दुखतंय."

"दुखू दे जरा," ते म्हणाले. "गाठ मारतोय."